नमस्काराची उचल

सून मला समुद्रावर घेऊन गेली ती माझं अंग वापरायला. असं सांगितलं की लोक हसतात, पण दुसरं काय सांगू? तिला थाई मसाज शिकायचा होता. त्याचं शिबिर कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात होतं. शिबिरवाल्यांनी कळवलं होतं की शेवटी शेवटी म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर हात बसवावा लागतो, घरचं कुणी असेल तर बरोबर आणा. घरात म्हातारा मी एकटाच उरलो होतो.

बायको आधीच्या थंडीत गेली. ज्वारी निवडता निवडता सुपावर कलंडली. मी समोरच बसलो होतो. मला वाटलं, वाकून खडा शोधतेय. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. रडू आलं नाही. दहाव्याला लोक माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी त्यांच्या चपलांकडं. पुढं पुढं कळायला लागलं की मला काही लागतच नाही. चहात साखर आहे का नाही, कळत नव्हतं. भूक लागली का जेवण झालंय, कळत नव्हतं. कळस गावच्या वस्तीवर मी एकटा, पोरगा आणि सून बारामतीत. पोरगा तिथं एमआयडीसीत कंपनीत पाळीवर जातो. रविवारी दोघं यायची, चटणी, लाडू असं डबे भरून ठेवून जायची. पुढच्या रविवारी सून डबे उघडायची, भरलेलेच बघून परत लावायची.

ती बारामतीत एका बाईंच्या योगा क्लासात जायची. आधी शिकायला, मग बायकांना शिकवायला मदत म्हणून. त्या बाईंनी तिला सांगितलं, हा मसाज रीतसर शिकून सर्टिफिकेट घेऊन ये, माझ्याकडं तुझी जागा पक्की. सर्टिफिकेट नसेल तर मात्र काही खरं नाही. पोरीनं ते मनावर घेतलं. पोराला मात्र मसाज हा शब्दच सोसेना. अंगणात बसून एका रविवारी दोघांची जुंपली.

"लोक काय म्हनतील आबा?" पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला. "कंपनीतली पोरं काय म्हनतील? मसाज म्हनलं की एकच डोक्यात येतं."

"तुमच्या डोक्यात येतं," सून आतनं म्हणाली. "अंगभर कपडे असत्यात. तेल बी नसतं."

"तू गप."

"इतकी वर्सं गपच हाय की."

पोरगा थोडा वेळ चुळबुळला. मग म्हणाला, "आबा, तुमीच जावा हिच्यासंगं. तुमच्या डोळ्यानं बघा. तुमाला वावगं दिसलं तर विषय बंद. तुमी बरं म्हनला तर मी आड येनार न्हाय."

म्हणजे तिला दोन दरवाजे ओलांडायचे होते. एक तिथं शिकवणाऱ्या मॅडमचा आणि एक माझा. मी हो म्हणालो. नाही म्हणायला पण काहीतरी वाटावं लागतं.

चहाच्या टपरीवर ही बातमी माझ्याआधी पोचली. माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत असलेला एकजण बाकड्यावर बसला होता.

"काय आबा, थायलंडला चालला म्हनं?"

"कोकनात."

"सुनेसंगं?"

"मग तुज्यासंगं जाऊ का?"

"न्हाय, मसाज करून घेनार म्हनं. आल्यावर आमालाबी सांगा की कसा असतोय."

"तुला मसाज काय करायचाय? तुला बैलाच्या खराऱ्यानं घासाय पायजे."

सगळे हसले. मी पण हसल्यासारखं केलं. चहा तसाच ठेवून उठलो, तर टपरीवाला मागनं ओरडला की आबा, घेतलाच न्हाय. मला वाटलं होतं पिऊन झाला.

बारामतीहून पुण्याला आणि पुण्याहून दुसऱ्या गाडीनं घाट उतरून खाली. सुनेनं खिडकी मला दिली. पोचल्यावर पिशव्या ठेवायच्या आधी तिनं मला समुद्र दाखवायला नेलं. जन्मात पहिल्यांदा बघत होतो. पाणी होतं. उजनी धरणाचं पाणी पण डोळा पुरणार नाही असं पसरलेलं असतं, फक्त ते जागेवर असतं. हे सारखं येत होतं आणि माघारी जात होतं.

"कसा वाटला मामा?" सुनेनं विचारलं. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात.

"खारट."

"चाखला कवा?"

"वास तसा येतोय."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

शिबिर नारळाच्या वाडीतल्या एका कौलारू घरात होतं. मागं लांबलचक पडवी, फरशीवर गाद्या टाकलेल्या. शिकणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. आमची एकटीच तालुक्याच्या गावची. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, थायलंडात राहून शिकून आलेल्या. केस बारीक कापलेले, बोलणं हळू, पण नजर साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसलेल्या माणसासारखी. गाडी पुढं आली की त्याला बघूनच कळतं किती भरलीय.

पहिले काही दिवस मी भिंतीला टेकून नुसता बघत बसलो. पोराला सांगायचं होतं, म्हणून बारीक बघितलं. ढगळ कपडे घालून एकानं निजायचं, दुसऱ्यानं त्याच्या पायाशी बसून आधी हात जोडायचे, डोळे मिटून थोडा वेळ तसंच थांबायचं. मग तळव्यापासून वर यायचं. चोळणं नाही, रगडणं नाही. तळहात ठेवायचा आणि आपलं अंग त्यावर हळू झुकवायचं. मॅडम सारख्या म्हणायच्या, "ढकलू नकोस, टेक. जोर तुझा नको, वजन तुझं हवंय." हात, कोपर, गुडघा, सगळं वापरायचे. एकाचा पाय धरून दुसरा मागं रेलायचा आणि निजलेल्याचं अंग धोतर पिळल्यासारखं वळायचं. त्यात वावगं काही नव्हतं. नांगर सोडल्यावर बैलाच्या मानेवर हात ठेवून उभं राहावं, तसलं काहीतरी होतं.

मग मॅडमनी पाय वापरायला सुरुवात केली. एका माणसाला पालथं निजवलं, त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि तळपाय त्याच्या मांडीवर ठेवून वजन सोडलं. तिथनं कमरेवर, मग पाठीच्या कडेला. मी सुनेकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग दोघांनीही दुसरीकडं बघितलं.

आमच्याकडं कुणाला पाय लागला की लगेच वाकून त्याच्या अंगाला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला नाहीतर कपाळाला न्यायचा. एसटीत अनोळखी माणसाला लागला तरी. सुपाला लागला, केरसुणीला लागला, पोराच्या पुस्तकाला लागला तरी. हे कुणी शिकवत नाही. शिंक आल्यावर नाकाला हात जातो तसा तो हात जातो. सुनेचाही गेला. पुण्याच्या एका मुलीच्या मांडीवर तिनं पाय ठेवला आणि त्याच दमात वाकून तिला नमस्कार केला. सगळे हसले, मॅडमसुद्धा. दुसऱ्यांदा पाय ठेवला, दुसऱ्यांदा नमस्कार. मग मॅडम हसायच्या थांबल्या.

"अगं, तू पाय ठेवतेस आणि लगेच पळून जातेस," त्या म्हणाल्या. "समोरच्याचं अंग तुझ्यावर विश्वास टाकतं आणि तू मधेच निघून जातेस."

बरोबरीच्या बायकांवर तिची ही सवय हळूहळू सुटली. हात उठायचा, पण ती ओठ चावून परत खाली न्यायची. मग म्हाताऱ्यांची पाळी आली. बाकीच्यांसाठी त्या गावातलेच म्हातारे ठरवलेले होते. माझ्या शेजारच्या गादीवर एक रिटायर पोस्टमन होता. दुसऱ्या बाजूला कोळ्याची एक म्हातारी होती, ती निजल्याबरोबर डोळे मिटायची आणि संपल्यावरच उघडायची. मला तिचा हेवा वाटला असता.

सुनेनं माझा तळवा हातात घेतला आणि थांबली.

"मामा, टाचंत काय हाय तुमच्या?"

"काय हाय?"

"पिकलंय सगळं. काटा हाय मोडलेला."

बाभळीचा काटा होता. कधी मोडला कुणास ठाऊक, मी त्याच्यावरच चालत होतो. तिनं मॅडमना विचारून गरम पाणी आणलं, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून विस्तवावर धरली आणि काटा काढला. पू आला, रक्त आलं. शेजारचा पोस्टमन तोंड वाकडं करून बघत होता. मी कौलांकडं बघत होतो.

"दुखत न्हाय व्हय मामा?"

"न्हाय."

ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग टाच बांधली आणि पुढं सुरू केलं. हातानं होतं तोवर ठीक चाललं. मग मी पालथा झालो. ती उठून उभी राहिली, तिचा तळपाय माझ्या मांडीच्या मागं टेकला, आणि लगेच उचलला. वाकली, माझ्या पाठीला हात लावून नमस्कार केला.

"सुखी ऱ्हा," मी म्हणालो. ते आपसूकच आलं तोंडातनं. सुनेनं वाकून नमस्कार केल्यावर दुसरं काय म्हणतात?

परत पाय. परत नमस्कार. "सुखी ऱ्हा."

परत पाय.

"अहो, जरा जपून द्या," पोस्टमन म्हणाला. "आशीर्वाद संपतील तुमचे." मग मान उचलून त्यानं विचारलं, "तुमच्याकडे असं चालतं का हो? सून सासऱ्याला पाय लावते?"

"न्हाय चालत," मी म्हणालो. "म्हनून तर नमस्कार करतेय."

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. "आजोबा, बोलायचं नाही. आणि तू, दर वेळी तुझं वजन एकदम निघून जातं. त्यानं अंग दचकतं."

"मी न्हाय दचकलो," मी म्हणालो.

"बरं. मग कसं वाटलं?"

"काय न्हाय."

"दुखलं?"

"न्हाय."

"बरं वाटलं?"

"न्हाय."

"दाब कमी पडला की जास्त?"

"काय कळलंच न्हाय मॅडम."

मॅडमनी सुनेकडं बघितलं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी पोरीचं वाटोळं करतोय. तिच्या पायाचा नमस्कार एका बाजूला आणि माझं दगडाचं अंग दुसऱ्या बाजूला. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या म्हाताऱ्यावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण करायचं, पाठीवर पाय देण्यासकट. त्यानंतर त्या म्हाताऱ्याला विचारणार. अंग काय सांगतं त्यावर सर्टिफिकेट.

जेवणाच्या वेळी सुनेनं मॅडमना गाठलं. मी हात धूत होतो, ऐकू आलं. "मॅडम, मला दुसरं कुणी द्या. त्या कोळी आजींवर करते."

"त्या दुसऱ्या मुलीसाठी ठरल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या तुझ्याकडे कुणाचाही सासरा येईल, कुणाचाही बाप येईल. तेव्हा काय करशील? बाहेर जाऊन सांगशील, दुसरं कुणी द्या?"

ऊन कलल्यावर मी वाळूवर जाऊन बसलो. सून मागनं आली आणि जरा अंतरावर बसली. मीच आधी बोललो.

"पायाचं काय एवढं? तुजी आत्या कुनाकुनाला पाय लावायची."

आत्या म्हणजे माझी बायको, तिची सासू. ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. वरकुट्याहून लोक यायचे, ट्रॅक्टरवर आडवे पडून यायचे. ती त्यांना उंबऱ्याजवळ पालथं निजवायची, पदर खोचायची आणि डाव्या पायाचा अंगठा कमरेवर टेकवायची. जात, वय, मान काही बघायची नाही. एकदा एक सरपंच आला होता. त्यालाही लावला, वर त्याला म्हणाली, पोट कमी करा, पाठ आपोआप ऱ्हाईल.

"त्यातला एक बी पायामुळं वाईट झाला न्हाय," मी म्हणालो. "उलट आंबे घिऊन यायचे."

"पन तुमाला कधी लावला का आत्यानं?" सुनेनं विचारलं.

नव्हता लावला. माझी पाठ सारखी धरायची, ऊस भरायला जायचो त्या काळात. मी म्हणायचो, लाव की गं, सगळ्या तालुक्याला लावतीस. ती म्हणायची, नवऱ्याला पाय लावू व्हय? लोकं काय म्हनतील ते ऱ्हाऊ द्या, मलाच झोप लागायची न्हाय. घरात पायाळू असून मी वाकडा चालत अंथुर्ण्याला जायचो. तिथं एक मेंढरं राखणारा पायाळू होता. तो पाय लावायच्या आधी पोट धरून हसायचा. म्हणायचा, "तुमची बाई आमची पाठ बरी करती, आन तुमी हितं!"

"न्हाय लावला," मी सुनेला सांगितलं.

"मग?"

लाटा येत होत्या. सून वाळूवर बोटानं रेघा ओढत होती आणि पुसत होती. ती म्हणाली, "क्लासवाल्या बाई थांबायच्या न्हाईत मामा. त्यांच्याकडं दुसऱ्या बी बाया हायत. आन ह्यांना तर निमित्तच पायजे. झालं न्हाय म्हनलं की म्हनतील, बरं झालं, बस घरी."

"मी सांगीन मॅडमला बरं वाटलं म्हनून."

"नका सांगू. खोटं बोललेलं कळतं त्यांना. तुमचं अंगच सांगतं त्यांना, तोंड न्हाय."

मला तेव्हा काय सुचलं ते मी सांगतो, कारण त्यात माझी काही हुशारी नाही, आमच्या भागात ते रोजचंच आहे. ऊसतोडीची टोळी हंगामाला यायच्या आधीच मुकादम त्यांना उचल देतो, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे. ऊस अजून उभा असतो, कोयत्याला धार लावलेली नसते, पण उचल हातात पडलेली असते. मग काम चालू असताना कुणी हात पुढं करत नाही.

"तू उचल दे," मी म्हणालो.

"कसली?"

"नमस्काराची. सुरू करायच्या आधीच सगळे करून टाक. जेवढ्यांदा पाय लागनार हाय, त्या सगळ्यांचे. मी बी आशीर्वाद आगाऊ देऊन टाकतो. मंग मधी हिशोब न्हाय."

ती हसायला लागली. हसता हसता पदराच्या टोकानं डोळे पुसले. "आन जास्त पाय लागला तर?"

"तर जास्तीचे कर. मी काय मोजनार हाय का?"

शेवटच्या दिवशी सकाळीच आमचा नंबर लागला. मॅडम पडवीच्या टोकाला खुर्चीवर बसल्या. मी गादीवर बसलो. सून माझ्या पायाशी आली, हात जोडले, आणि मग माझ्या पावलांवर डोकं टेकलं. टेकलं ते उचललंच नाही. मॅडमना वाटलं असणार की सुरुवातीची प्रार्थना चाललीय. मी हळू आवाजात म्हणायला लागलो. सुखी ऱ्हा. औक्षवंत हो. सुखी ऱ्हा. दमलो तेव्हा थांबलो. तिनं डोकं उचललं, माझ्याकडं बघितलं, आणि मी आडवा झालो.

तिनं तळवे धरले. बांधलेली टाच जपून बाजूला ठेवली. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. तिचा हात येत होता, टेकत होता, जात होता. मी मनात ठरवलं होतं की आज प्रत्येक ठिकाणी नीट लक्ष द्यायचं आणि कुठं काय लागतं ते ध्यानात ठेवायचं, म्हणजे मॅडमना खरं खरं सांगता येईल. कौलांमधनं उन्हाची एक तिरीप येत होती, तिच्यात धूळ फिरत होती. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं. मग तिनं मला पालथं केलं. ती उठून उभी राहिल्याचं कळलं. तिचा पाय मांडीवर टेकला. आता उचलणार, मी मनात म्हणालो. नाही उचलला. वजन आलं, थांबलं, हळू गेलं, आणि जायच्या आधीच दुसरीकडं आलं. मी पुढच्या पावलाची वाट बघत होतो.

त्यापुढचं मला काही माहीत नाही.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. गाल गादीला चिकटलेला, तोंडातनं लाळ गळालेली. पडवी रिकामी होती. उन्हाची तिरीप भिंतीवरनं केव्हाच गेली होती. सून लांब खांबाला टेकून बसली होती.

"झालं?" मी विचारलं.

"कवाच."

"पाठीवर?"

"दिला पाय. दोन्ही बाजूला."

"नमस्कार?"

"मधी न्हाय केला. संपल्यावर एकदा केला. तुमी घोरत व्हता."

मी उठून बसलो. मॅडम आतनं आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. "आजोबा, कसं वाटलं?"

मी एक क्षण सुनेकडं बघितलं. ती पायाच्या बोटांकडं बघत होती.

"मॅडम, खरं सांगू का? मला म्हाईत न्हाय. मी झोपलो व्हतो. घरची गेल्यापासनं मला काय लागत न्हाय, तसलंच हाय अजून. झोप बी तुकड्यातुकड्यानं येती. हिनं पाठीवर पाय दिला म्हनती. दिला आसंल. मी त्याला साक्षीदार न्हाय. तुमीच बघितलाय."

"मी बघितलाय," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती एकदाही निघून गेली नाही." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "दचकणारं अंग झोपत नाही. मला आणखी काही विचारायचं नाही."

सून उठली आणि मॅडमच्या पाया पडली, मग माझ्या, मग येऊन बसलेल्या पोस्टमनच्याही. त्यानं पाय मागं ओढले. म्हणाला, "मला कशाला? मी काय केलं?" तिला तेव्हा भान नव्हतं. मला आनंद झाला का? व्हायला पाहिजे होता. अंग मात्र जड झालं होतं, भिजलेल्या पोत्यासारखं. पायऱ्या उतरताना मला खांब धरावा लागला.

परतीच्या गाडीत ती फारसं बोलली नाही. एक दरवाजा झाला होता, एक राहिला होता, आणि त्या दरवाज्याचं काय ते तिनं मला एकदाही विचारलं नाही. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरलं होतं. घाट चढताना एकदा म्हणाली, "मामा, ह्यांना पायाचं सांगू नका."

"विचारलं तर?"

तिनं मांडीवरची पिशवी सरळ केली.

बारामतीच्या स्टँडवर पोरगा मोटारसायकल लावून उभा होता. सुनेनं कपड्यांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यानं मला विचारलं, "काय आबा, बघितलं?"

"बघितलं."

"वावगं?"

"न्हाय. कपडे घालून असत्यात. बाया बी असत्यात, गडी बी. शिकिवनारी बाई कडक हाय."

"पन करत्यात काय नेमकं?"

"हातानं दाबत्यात. वडत्यात. पाय देत्यात अंगावर."

"पाय? कुनाच्या अंगावर?"

"माज्या."

त्यानं बायकोकडं बघितलं. "हिनं? तुमच्या अंगावर पाय दिला?"

शेजारनं चाललेल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. सुनेनं मान खाली घातली. सर्टिफिकेटची पिशवी तिनं छातीशी धरली.

"दिला," मी म्हणालो. "मी सांगितलं म्हनून दिला. आन मी झोपलो."

"झोपला?"

"व्हय."

रात्री उशिरा पाळीहून सुटल्यावर तो मला फोन करतो आणि मी पहिल्याच रिंगला उचलतो, मी जागाच असतो हे त्याला ठाऊक आहे. त्यानं सुनेला विचारलं, "किती येळ झोपले?"

"मॅडम उठवू नका म्हनल्या. जेवन हुकलं त्यांचं," ती खालीच बघत म्हणाली.

गाड्यांची नावं पुकारली जात होती. पोरानं खाली वाकून कपड्यांची पिशवी उचलली, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली, परत उचलली, हँडलला अडकवली. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "क्लासवाल्या बाईला काय सांगितलंस?"

"अजून काय न्हाय. म्हनलं, तुमी काय म्हनता बघू."

"लाव मग फोन."

"आत्ता? हितं?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

तिनं फोन लावला. आवाज येईना म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मला तिच्या बाजूचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो मॅडम, झालं. मिळालं. न्हाय, सासऱ्यांवरच केलं. हो, सगळं, पाठीसकट." मग ती थांबली. पलीकडनं काहीतरी विचारलं असणार. ती म्हणाली, "त्यांना काय वाटलं ते त्यांनाच सांगता येत न्हाय मॅडम. झोपले फक्त." परत थांबली. मग म्हणाली, "येते सोमवारी."